घराचा नकाशा उसना आणू नका

पाऊस ओसरला की कोकणात बांधकामाचा हंगाम सुरू होतो. चिपळूण तालुक्यात कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला अलोरे, शिरगाव, पोफळी, कोळकेवाडी हा जो पट्टा आहे, तिथेही तेच. चिऱ्याचे ट्रक येतात, खडीचे ढीग पडतात, जेसीबी टेकाड खणू लागतो आणि मालक मुंबईहून किंवा आखातातून फोनवर सूचना देत असतो. या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत. घर बांधून घेणारे आपले, आणि गवंडी, सुतार, फरशीवाले, वायरमन, नळकाम करणारे, चिरा-सिमेंटचे व्यापारी यांतही आपले पुष्कळ. म्हणून घराच्या नकाशाचा प्रश्न व्यापार-उद्योगाच्या पानावर मांडणे योग्य वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. घर ही बहुतेक कुटुंबांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी असते. या खरेदीत सर्वांत स्वस्त काय असेल, तर पाया खणण्यापूर्वी केलेला विचार. आणि नेमकी तिथेच आपण काटकसर करतो. नकाशा कुणाचा तरी उचलतो, कारागीरही काही न विचारता कामाला लागतो, आणि मग पुढची पंचवीस-तीस वर्षे घरातली माणसे त्या घराशी जुळवून घेत राहतात. खरे तर घराने माणसांशी आणि जागेशी जुळवून घ्यायला हवे.

उसने नकाशे साधारणपणे तीन ठिकाणांहून येतात. पहिला मुंबईच्या फ्लॅटचा. हॉल, किचन, दोन बेडरूम, मधे बोळ. फ्लॅटला अंगण, परसू, विहीर, लाकूडफाटा, आंब्याच्या पेट्या काही नसते, त्यामुळे त्या नकाशात त्यांना जागाही नसते. दुसरा आखाती बंगल्याचा. तिथे पाहिलेल्या घराचा फोटो मोबाइलवर येतो आणि ‘असेच हवे’ असा हुकूम सुटतो. तिसरा शेजाऱ्याचा. त्याचे घर तेवीस फूट रुंद, म्हणून आपले पंचवीस. तिन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतील, पण ते दुसऱ्याच्या कुटुंबासाठी आणि दुसऱ्याच्या जमिनीसाठी काढलेले असतात.

क्वार्टर आणि मालकीचे घर

अलोरे हे नाव बाहेर माहीत झाले ते कोयना प्रकल्पामुळे. कोयनेच्या तिसऱ्या टप्प्यासाठी कोळकेवाडीला धरण आणि वीजगृह झाले, आणि प्रकल्पावरच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी अलोरे येथे वसाहत उभी राहिली. सरकारी वसाहतीची पद्धत सगळीकडे सारखी असते. हुद्दा पाहून क्वार्टर, आणि एका हुद्द्याची सर्व क्वार्टरे एका नकाशाची. त्यात गैर काही नाही. राहायला कोण येणार हे बांधणाऱ्याला माहीत नसते. आज सोलापूरचा येईल, चार वर्षांनी बदली होऊन नागपूरचा येईल. म्हणून ते घर कोणा एकाचे नसून सरासरी माणसाचे असते. कुणालाच फार अडचण होऊ नये एवढीच त्याची अपेक्षा.

मालकीच्या घराची गोष्ट उलट आहे. तिथे राहणारा कोण हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. त्याची वृद्ध आई ठाऊक, मुले किती ते ठाऊक, धंदा कोणता ते ठाऊक, जमीन तर डोळ्यांसमोर. एवढी सगळी माहिती हातात असताना आपण क्वार्टरसारखे सरासरी घर का बांधावे? शिंप्याकडे कापड घेऊन गेल्यावर तो माप न घेताच कात्री चालवू लागला, तर आपण त्याचा हात धरतो. घराच्या बाबतीत मात्र माप न घेता कापलेले कपडे आपण आनंदाने अंगावर घालतो.

जागा काय सांगते

आधी जागेचे पाहू, कारण जागेच्या अटी बदलत नाहीत. पहिली अट पावसाची. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कुवेत किंवा दुबईत वर्षाचा पाऊस साधारण १०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे तिथे तीस वर्षांत जेवढे पाणी पडेल तेवढे आपल्या छपरावर एका पावसाळ्यात पडते. हजार चौरस फुटांचे छपर धरा. ते सुमारे ९३ चौरस मीटर होते. त्यावर ३ मीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटरहून अधिक पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर सत्तावीस-अठ्ठावीस टँकर, तेही बहुतेक चार महिन्यांत. हे पाणी कुठून उतरेल, कुठे पडेल आणि कुठे जाईल, हे ज्या नकाशात नाही तो कोकणातला नकाशा नव्हे.

आखातात सपाट स्लॅब चालतो याचे कारण हेच. तो इथे आणला की आठ-दहा पावसाळ्यांत गळू लागतो. मग वर लोखंडी अँगल उभे करून पत्र्याची शेड घालावी लागते. आपल्या गावांतून फिरताना स्लॅबवर पत्रा घातलेली घरे मोजून पाहा. त्या प्रत्येक मालकाने एका घराला दोन छपरांचे पैसे दिले आहेत, आणि दुसरे छपर नकाशात नसल्यामुळे घराची शोभाही गेली.

मात्र कौले सोडून लोक स्लॅबकडे वळले ते उगाच नव्हे, हेही कबूल केले पाहिजे. वानरे कौले फोडतात. दरवर्षी कौले चाळायला माणूस मिळत नाही. वरचा मजला पुढे वाढवायचा असतो. ही कारणे खरी आहेत. म्हणून आमचा आग्रह कौलांचा नसून आधी ठरवण्याचा आहे. स्लॅब घालायचा आणि वर उतरते छपर लागणारच, तर दोन्ही पहिल्याच नकाशात घ्या. मग त्या दोहोंमधला माळा फुकट जात नाही. पावसाळ्यात कपडे वाळत घालायला, भात, नारळ, सरपण ठेवायला त्याचा उपयोग होतो. छपराची पावळी भिंतीपासून लांब नेता येते. नैऋत्येकडून झडी येते, तेव्हा पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला पडवीचे किंवा रुंद छज्जाचे पांघरूण हवे. जुन्या घरांना पडवी होती आणि पावसाळ्यात भिंतीला झापे बांधत, ते या झडीसाठीच. जांभा दगड पाणी शोषतो, त्याला उघडा मार बसू देणे म्हणजे आत ओल बोलावणे.

दुसरी अट उताराची. घाटाच्या पायथ्याला सपाट जमीन मिळतेच असे नाही. जेसीबी आल्यापासून एक सवय लागली आहे. टेकाड कापायचे, माती पुढे ढकलायची आणि दोन दिवसांत मैदान करून टाकायचे. मागे उभा कडा राहतो आणि पुढे घराचा अर्धा भाग भरावावर येतो. भराव बसतो आणि भिंतीला तडा जातो. मागच्या कड्यातून पावसाळ्यात पाणी पाझरते आणि मागच्या खोल्या कायम ओल्या राहतात. कडा सुटला तर काय होते ते २०२१ च्या जुलैमध्ये आपण पाहिले. खेड तालुक्यात पोसरे आणि रायगड जिल्ह्यात महाडजवळ तळीये येथे दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. हे मोठे डोंगर होते, आपले टेकाड लहान आहे, हे खरे. पण पाण्याने जड झालेली माती खाली येते, हा नियम दोन्हीकडे एकच.

उतारावर घर दोन किंवा तीन टप्प्यांत बसवता येते. ओटी खालच्या टप्प्यावर, राहती घरवट वरच्या. खोदाई कमी होते, भराव कमी होतो, आणि मधल्या पायऱ्यांनी घराला आपोआप विभागणी मिळते. मागे कडा ठेवावाच लागला तर त्याला धरभिंत हवी, तिच्यात पाणी निघायला भोके हवीत, आणि कडा व घर यांच्या मधे गटार घेऊन चालण्याएवढी मोकळी जागा हवी.

तिसरी अट भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसे गेली. कोयनानगर घाटमाथ्यावर, अलोरे घाटाखाली. मधे अंतर फार नाही. २००२ साली निघालेल्या भारतीय मानकाच्या भूकंप-नकाशात रत्नागिरी चौथ्या, म्हणजे तीव्रतेच्या दृष्टीने वरून दुसऱ्या पट्ट्यात दाखवले आहे. त्यामुळे इथे चिऱ्याचे घर बांधताना जोत्याला, दार-खिडक्यांच्या वरच्या पातळीला आणि छपराखाली सलग काँक्रीटची पट्टी सर्व भिंतींवरून फिरवणे आवश्यक आहे. ती कोपऱ्यात तुटता कामा नये. खिडकी अगदी कोपऱ्याला चिकटवू नये. उतारावर खांबांवर घर उभे करताना एका बाजूचे खांब चार फुटी आणि दुसऱ्या बाजूचे बारा फुटी ठेवले, तर धक्का बसल्यावर जोर आखूड खांबांवर येतो आणि ते आधी तुटतात. हे गवंड्याच्या अनुभवावर सोडण्याचे काम नाही. सळई किती आणि खांब कुठे, हे अभियंत्याकडूनच काढून घ्यावे. त्याची फी देताना हात आखडू नये.

चौथी अट पाण्याची, म्हणजे पिण्याच्या आणि घाणीच्या. जांभा सच्छिद्र असतो. शोषखड्ड्यातले पाणी त्यातून दूरवर जाते. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून निदान साठ फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे हेही पाहायला हवे. संडास कुठे येणार हे या एका गोष्टीवरून ठरते, आणि संडास ठरला की अर्धे घर ठरते.

घाटपायथा सोडून वाशिष्ठीच्या काठाने खाली चिपळूण शहरात आलो की अटी बदलतात. तिथे उताराची भीती नाही, पुराची आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा चिपळूणचा व्यापारी विसरू शकत नाही. खाली दुकान, वर घर अशी रचना तिथे जुनी आहे. अशा ठिकाणी मीटर, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप आणि दप्तर कोणत्या उंचीवर ठेवायचे, माल वर चढवायला जिना किती रुंद हवा, वरच्या मजल्यावरून गच्चीवर जायला घरातूनच वाट आहे का, हे नकाशाचे प्रश्न आहेत. निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत आपली जागा येते का, हे तर जागा घेण्यापूर्वीच पाहायचे.

आणि एक अट कागदावरची. जमीन गावठाणात आहे की बाहेर, बिनशेती झाली आहे का, रस्ता कुणाच्या हद्दीतून येतो, सातबाऱ्यावर किती नावे आहेत. कोकणात एका गुंठ्यावर दहा-बारा नावे असणे नवीन नाही. पाया भरल्यावर चुलतभावाचा अर्ज येतो आणि चिरे दोन पावसाळे शेवाळ धरत पडतात. तेव्हा जागेची मोजणी आणि हिस्सेदारांची संमती हा नकाशाचाच पहिला भाग समजावा.

घरच्यांना काय विचारावे

आता कुटुंबाचे. कारागिराने मालकाला विचारण्याचा नेहमीचा प्रश्न असतो, “किती खोल्या?” हा प्रश्न शेवटी यायला हवा. आधी घरातला दिवस विचारावा. सकाळी सर्वांत आधी कोण उठते, चूल की गॅस, पाणी कुठून येते, मासळी कुठे साफ करतात, पाहुणे आले की कुठे बसतात, रात्री कोण कुठे झोपते.

एक उदाहरण समजा. घरधनी कुवेतला नोकरीला. घरी पत्नी, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई. एक बहीण लग्न होऊन गेलेली, बाळंतपणाला आणि सणाला येणारी. एक धाकटा भाऊ, ज्याचा घरात पुढे हिस्सा आहे. या कुटुंबाने बंगल्याच्या फोटोवरून घर बांधले तर काय होईल? मोठा दिवाणखाना खाली, सर्व झोपण्याच्या खोल्या वर. आई जिना चढू शकत नाही, तेव्हा तिची खाट दिवाणखान्यात येते. पाहुणे आले की तिला उठावे लागते. वर चार खोल्या बंद, खाली आई उघड्यावर. घर दोन हजार फुटांचे आणि आईला एक खोली नाही.

हेच कुटुंब आधी बोलते झाले असते तर आईची खोली खाली, संडास-मोरी तिला लागून, उंबरठा नाही, दार निदान तीन फुटी, भिंतीला धरायला दांडी, एवढे सहज निघाले असते. बैठकीच्या खोलीला बाहेरून स्वतंत्र दार असते, म्हणजे पुरुष पाहुणे आले तरी घरातल्या बायकांचा स्वयंपाकघर ते परसू हा रस्ता मोकळा राहिला असता. वजू करायला बसून पाय धुता येतील असा एक नळ मोरीबाहेर निघाला असता. संडासाच्या बैठकीची दिशा पाइप गाडल्यावर बदलावी लागली नसती. हा शेवटचा मुद्दा लहान वाटेल, पण फरशी फोडून बैठक फिरवल्याचा खर्च ज्याने दिला आहे त्याला विचारा.

धाकट्या भावाचा प्रश्नही आजच विचारात घ्यावा. बापाच्या पश्चात घर वाटले जाते, हे सर्वांना ठाऊक असते, पण नकाशात ते कुणी घेत नाही. मग चांगल्या घराच्या मधोमध भिंत येते, एकाकडे स्वयंपाकघर जाते, दुसऱ्याकडे संडास. जिना बाहेरच्या बाजूने घेतला, नळाच्या आणि विजेच्या ओळी दोन भागांत ठेवल्या, दुसऱ्या चुलीला जागा राखली, तर वाटणी भांडणाशिवाय होऊ शकते. घर चांगले म्हणजे ते चांगले वाटता येते, हाही एक निकष आहे.

बंद घराचाही विचार हवा. आपल्यातली बरीच घरे वर्षातून दीड-दोन महिनेच उघडतात. बंद घराचे शत्रू दोन, बुरशी आणि वाळवी. हवा खेळती राहावी म्हणून वर-खाली जाळ्या हव्यात, कपाटे पश्चिमेच्या ओल्या भिंतीला टेकलेली नकोत, जोत्याला वाळवीचा बंदोबस्त हवा. राखण करणाऱ्याला एक खोली आणि मोरी स्वतंत्र उघडता आली, तर बाकीचे घर कुलपात ठेवूनही त्याच्यात जाग राहते.

आणि हे सर्व विचारताना केवळ पैसे पाठवणाऱ्याला विचारून भागत नाही. जी बाई त्या घरात दिवसाचे सोळा तास काढणार आहे, तिला ओट्याची उंची विचारली जात नाही, खिडकी कुठे हवी ते विचारले जात नाही. घराचा खरा वापर तिच्या हातून होतो, म्हणून तिचे मत नकाशावर सर्वांत आधी उमटायला हवे.

इतरांनी काय शिकवले

हा विचार नवा नाही. इजिप्तचे वास्तुकार हसन फतही यांनी १९४० च्या दशकात लक्सरजवळ गुर्ना गावासाठी नवी वस्ती बांधायला घेतली. जुने गाव प्राचीन थडग्यांवर वसले होते आणि सरकारला ते हलवायचे होते. प्रत्येक कुटुंबाला त्याच्या गरजेप्रमाणे घर मिळावे आणि मालक, वास्तुकार व गवंडी या तिघांनी मिळून घर घडवावे, असा फतही यांचा आग्रह होता. कच्च्या विटांची कमान आधाराच्या लाकडाशिवाय उभारण्याची कला त्यांना अस्वानकडच्या न्युबियन गवंड्यांकडे मिळाली आणि ती त्यांनी आदराने उचलली. एवढे असूनही बहुतेक गावकरी नव्या वस्तीत गेले नाहीत, कारण त्यांची रोजीरोटी जुन्या जागेशी बांधलेली होती. यातून दोन धडे मिळतात. जुन्या कारागिराचे ज्ञान मोलाचे असते. आणि पोटापाण्याचा विचार न केलेले घर कितीही सुंदर असले तरी रिकामे राहते.

आपल्याकडे केरळात लॉरी बेकर (१९१७ ते २००७) यांनी आयुष्यभर हेच केले. मालकाशी बोलल्याशिवाय आणि जागा पाहिल्याशिवाय ते नकाशा काढत नसत. झाड आडवे आले तर भिंत वळवत, उतार असला तर घर उताराबरोबर उतरवत. जवळ मिळेल ते सामान वापरत. केरळातही जांभा आहे आणि पाऊसही आपल्यासारखाच, म्हणून त्यांच्या कामाकडे आपल्या गवंड्यांनी विशेष लक्ष द्यावे.

महाराष्ट्रातले उदाहरण किल्लारीचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली दबून गेली. त्यानंतर सुमारे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरे ठरीव आकारांची, जमीनधारणेप्रमाणे सर्वांत लहान २५० चौरस फुटांचे, सर्वांत मोठे ७५० चे. तातडी होती, निवारा लवकर द्यायचा होता, हे मान्य. पण ओळीत मांडलेल्या त्या घरांत शेतकऱ्याच्या बैलाला, कडब्याला, अवजारांना जागा नव्हती, आणि लोकांनी पुढे आपल्या सोयीने भिंती आणि पत्रे वाढवत नेले. त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांच्या स्वतःच्या देखरेखीखाली झाले, मदत सरकारची आणि निर्णय घरच्यांचा. ज्याला राहायचे आहे त्याला निर्णयात घेतले म्हणजे काम लवकर होते, हे त्यातून दिसले.

कारागिरांनी काय करावे

आता आमच्या गवंडी, सुतार आणि ठेकेदार बंधूंना चार शब्द. तुमच्या हाती कौशल्य आहे, पण तुम्ही ते फुटावर विकता. चौरस फुटाचा दर सांगितला की ग्राहक तो दुसऱ्याच्या दराशी ताडून पाहतो आणि पाच-दहा रुपयांनी स्वस्त असलेल्याकडे जातो. बाहेरच्या मोठ्या ठेकेदाराशी दरात टक्कर देणे तुम्हाला परवडणार नाही. त्याच्याकडे यंत्रे आहेत, उधारीची ताकद आहे. तुमच्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही. तुम्हाला त्या वाडीतला पऱ्या पावसात कुठून वाहतो ते माहीत आहे. कोणत्या खाणीचा चिरा पोचट निघतो ते माहीत आहे. त्या घरातली आजी कोणत्या गुडघ्याने लंगडते तेही माहीत आहे. ही माहिती नकाशात उतरवणे हाच तुमचा माल आहे, आणि मालाची किंमत घ्यायची असते.

त्यासाठी काही सवयी लावून घ्याव्यात. पहिली, काम ठरण्यापूर्वी जागा दोनदा पाहावी, शक्य तर एकदा भर पावसात. दुसरी, घरच्यांच्या गरजांची यादी कागदावर उतरवून त्यावर मालकाची सही घ्यावी. तिसरी, चुन्याने जमिनीवर खोल्या आखून घरच्यांना त्यात उभे करावे. कागदावरचा दहा बाय दहा ज्याला कळत नाही त्याला जमिनीवरचा लगेच कळतो. खाट ठेवून पाहा, दार उघडून पाहा. चौथी, अभियंत्याशी कायमचे संधान बांधावे आणि गवंडी, सुतार, वायरमन, नळवाला यांनी आपला गट करून काम एकत्र घ्यावे, म्हणजे एकाने केलेली भिंत दुसऱ्याने फोडायची वेळ येत नाही. पाचवी, करारात टप्पे, टप्प्यागणिक पैसे आणि मधेच होणाऱ्या बदलांचा दर स्पष्ट लिहावा. आपल्यात ओळखीच्या भिडेने तोंडी व्यवहार होतो आणि शेवटी ओळखही जाते, पैसाही जातो.

आणि या विचारणा-आखणीचे पैसे वेगळे मागावेत. समजा घर तीस लाखांचे आहे. त्याचा एक टक्का म्हणजे तीस हजार. तेवढ्यात जागेची पाहणी, बोलणी आणि आखणी नीट झाली आणि त्यामुळे वरची पत्र्याची शेड किंवा मागचा ओला कोपरा टळला, तर मालकाचा फायदा किती, हे त्याला हिशेबाने दाखवा. हिशेब व्यापाऱ्याला लवकर पटतो.

लोक काय म्हणतील

यावर दोन आक्षेप येतील. एक, प्रत्येक घर वेगळे केले तर खर्च वाढेल. हे अर्धे खरे आहे. दारे, खिडक्या, पायऱ्या, नळाच्या जोडण्या यांची मापे ठरीव ठेवावीत, त्यात वेगळेपणा करू नये. वेगळेपणा असावा तो खोल्यांच्या मांडणीत, दिशेत आणि पातळ्यांत. त्याला जादा सिमेंट लागत नाही, जादा डोके लागते.

दुसरा आक्षेप असा की गरजा बदलतात. आज आई आहे, उद्या नसेल. मुले आखातात जातील. आजच्या गरजेला घट्ट बसवलेले घर उद्या तोकडे पडेल. हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण त्याचे उत्तर सरासरी घर हे नव्हे. खालची खोली आज आईची, उद्या पाहुण्यांची, पुढे आपल्याच म्हातारपणी आपली. बाहेरचा जिना आज गच्चीचा, उद्या भावाच्या मजल्याचा. बदल कुठे होणार हे ओळखून तिथे मोकळीक ठेवणे हाही घरच्यांना विचारण्याचाच भाग आहे. एकेक बदलाला चार भिंती फोडाव्या लागतात त्या उसन्या नकाशात.

परदेशात घाम गाळून, मुलांचे लहानपण न पाहता, माणसे एक घर उभे करतात. त्या पैशाचे मोल जाणून कारागिराने पहिला फावडा मारण्यापूर्वी घरच्यांसमोर बसावे, आणि मालकानेही त्या बैठकीला वेळ आणि मोबदला द्यावा. या हंगामात ज्यांची कामे सुरू व्हायची आहेत त्यांनी चिऱ्याचा भाव विचारण्याआधी एवढे करून पाहावे. एक संध्याकाळ, घरातली सर्व माणसे, एक कोरा कागद. त्यावर पहिली ओळ घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला सांगू द्यावी.